पहिला घोट देण्याआधी

जेवताना ठसका लागला की 'कुणीतरी आठवण काढली' असे म्हणून आपण हसतो. पण अर्धांगाचा झटका येऊन दवाखान्यात पडलेल्या वडीलधाऱ्या माणसाला ठसका लागला, तर तो हसण्यावारी नेऊ नका.

आपले माणूस खाटेवर पडले की घरच्यांचा जीव तुटतो. सकाळपासून पोटात काही नाही म्हणून कुणी चहा पाजते, कुणी घरून पेज आणते, कुणी शहाळे फोडते. सारे मायेपोटीच. पण याच मायेने कधी कधी घात होतो. कसा, ते पाहा.

घशात श्वासनळी पुढे आणि अन्ननळी मागे असते. घास गिळताना श्वासनळीचे तोंड क्षणभर मिटते व घास अन्ननळीत उतरतो. अर्धांगात जसा हातपाय लुळा पडतो, तसे घशाचे स्नायूही दुबळे होऊ शकतात. मग ते तोंड वेळेवर मिटत नाही. पाणी वा अन्न फुप्फुसात जाते आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. थकलेल्या म्हाताऱ्या शरीराला तो झेपत नाही. काहींना तर ठसकाही लागत नाही. घोट चोरपावलांनी आत जातो, जवळ बसलेल्याला पत्ताही लागत नाही.

वाफसा पाहिल्याशिवाय आपण तिफण धरत नाही. तसेच गिळणे तपासल्याशिवाय घास देऊ नये. या पहिल्या तपासणीला मोठे यंत्र लागत नाही. रुग्ण पुरता जागा आहे ना, खोकता येते ना, हे डॉक्टर किंवा शिकलेली नर्स पाहते. मग त्याला ताठ बसवून चमचाभर पाणी देते. ते निभावले तर आणखी चमचे, मग पेल्याने. खोकला आला, पाणी ओठातून ओघळले, आवाज ओला, घरघरता झाला, की तोंडाने देणे थांबवायचे आणि वाचा व गिळण्याच्या तज्ज्ञाला दाखवायचे. तोवर सलाईन किंवा नाकातून नळी असते. रुग्ण उपाशी राहत नाही.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समधील 19 अर्धांग-विभागांची पाहणी 2011 साली प्रसिद्ध झाली. काही विभागांत नर्सना ताप, रक्तातील साखर व गिळणे या तिन्हींवर काटेकोर लक्ष ठेवायला शिकवले होते. तीन महिन्यांनी तेथील 42 टक्के रुग्ण दगावलेले वा परावलंबी होते. इतर विभागांत हेच प्रमाण 58 टक्के होते.

तुम्ही काय कराल? झटका आल्याबरोबर तोंडात पाणी घालू नका. थेट दवाखाना गाठा. तेथे विचारा, "यांचे गिळणे तपासले का? तोंडाने काय द्यायचे?" उत्तर मिळेपर्यंत पाणी नाही, गोळीही नाही. परवानगी मिळाली तर ताठ बसवून भरवा. लहान घास द्या. एक उतरल्यावर दुसरा. भरवताना बोलायला लावू नका. नंतर अर्धा तास बसवून ठेवा. तोंड रोज स्वच्छ करा. भेटायला येणाऱ्या पाहुण्यांनाही हे आवर्जून सांगा.

तहानलेल्या माणसाला थांबवणे जिवावर येते, हे खरे. ओले बोट ओठांवरून फिरवा, हात हातात घ्या, धीर द्या. तपासणी झाली की पेज तुमच्याच हातची भरवायची आहे.