संपत्ती-व्यवस्थापकांचे मानसन्मान

वेल्थ मॅनेजमेंट म्हणजे सुखवस्तू कुटुंबांच्या पैशाची एकत्रित देखभाल. शेअर, रोखे, म्युच्युअल फंड, विमा, कर, मृत्युपत्र, धंदा विकून आलेली रक्कम या सगळ्यांचा विचार एकाच ठिकाणी व्हावा म्हणून ग्राहक अशा कंपनीला फी देतो, किंवा कंपनी त्याच्या गळ्यात घातलेल्या योजनांवर कमिशन कमावते. दिलेला सल्ला चांगला होता की वाईट हे कळायला दहा-पंधरा वर्षे जातात. कधी कधी ते वारसांनाच कळते. तेवढा काळ थांबून कोणी सल्लागार निवडत नाही, त्यामुळे तिऱ्हाइताने दिलेल्या प्रशस्तीला या धंद्यात फार भाव येतो. कंपनीच्या रिसेप्शनमधल्या काचेच्या ट्रॉफ्या आणि वेबसाइटवर ओळीने मांडलेली बोधचिन्हे यांचे मूळ या गरजेत आहे.

यातले काही सन्मान ग्राहकाला दाखवण्यासाठी असतात, काही नोकरी शोधणाऱ्यांना, आणि काही कंपनीच्या आतल्या आत विक्री वाढवण्यासाठी. तिन्हींच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत आणि ग्राहक त्या एकच समजतो.

ग्राहकाला दाखवायच्या सन्मानांत अमेरिकेतली सर्वांत नावाजलेली यादी ‘बॅरन्स’ या आर्थिक साप्ताहिकाची. २००४पासून ते देशातल्या आघाडीच्या शंभर सल्लागारांची क्रमवारी छापत आले आहे. ‘फोर्ब्स’ हे नियतकालिक शूक रिसर्च या संस्थेच्या मदतीने राज्यवार याद्या काढते. दोन्हींचे निकष साधारण सारखेच आहेत: सल्लागाराच्या देखरेखीखाली असलेली रक्कम, म्हणजे धंद्याच्या भाषेत एयूएम, तिच्यातून मिळणारा महसूल, अनुभव, नियामकाच्या दफ्तरातली नोंद आणि कामाचा दर्जा. शूकच्या यादीसाठी निदान सात वर्षांचा अनुभव लागतो आणि सल्लागारांच्या मुलाखतीही घेतल्या जातात.

ग्राहकाच्या पैशावर परतावा किती मिळाला, हा निकष मात्र या मोजणीत धरला जात नाही. वाचणाऱ्याला हे चमत्कारिक वाटते, पण त्यामागे खरी अडचण आहे. म्युच्युअल फंडाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचे मूल्य, रोज जाहीर होते आणि ती सर्वांना एकच असते. वेल्थ मॅनेजरकडे दोनशे कुटुंबे असतील तर दोनशे निरनिराळे पोर्टफोलिओ असतात. पेन्शनवर जगणाऱ्या शिक्षिकेला मुद्दलाला धक्का लागू द्यायचा नसतो, तर चाळिशीतल्या कारखानदाराला जोखीम परवडते. पहिलीला कमी परतावा मिळाला म्हणून तिचा सल्लागार हुकला असे म्हणता येत नाही. शिवाय या खासगी खात्यांच्या परताव्याचे त्रयस्थाकडून ऑडिट झालेले क्वचितच असते. मग याद्या जे मोजता येते ते मोजतात, आणि मोजता येतो तो आकार. मोठी एयूएम हा लोकांच्या विश्वासाचा काही अंशी पुरावा आहे हे मान्य करावे लागेल. पण महसुलाचा निकष ग्राहकाच्या बाजूने पाहिला तर विचित्रच आहे, कारण सल्लागाराचा महसूल म्हणजे ग्राहकाच्या खिशातून गेलेला पैसा.

भारतातल्या खासगी बँका आणि वेल्थ कंपन्या मिरवतात ते पुरस्कार बऱ्याचदा लंडन किंवा हाँगकाँगमधल्या प्रकाशनांचे असतात. ‘युरोमनी’चे प्रायव्हेट बँकिंग पुरस्कार त्यांत सर्वांत परिचित आहेत. अशा बहुतेक पुरस्कारांची रीत ठरलेली आहे. प्रवेशिका मागवल्या जातात, कंपनी वर्षभरातल्या कामगिरीचा मजकूर आकड्यांसह तयार करून पाठवते आणि परीक्षक मंडळ तो वाचून निवड करते. मोठ्या कंपन्यांच्या मार्केटिंग विभागात या अर्जांवर आठवडेच्या आठवडे काम चालते. चार-पाच माणसांच्या छोट्या फर्मला तेवढी उसंत नसते, म्हणून ती अर्जच करत नाही आणि ‘देशातील सर्वोत्तम’ ठरवताना तिचा विचारही होत नाही. वर्गही भरपूर असतात: देशनिहाय, शहरनिहाय, डिजिटल सेवेसाठी, फॅमिली ऑफिससाठी, उद्योजक ग्राहकांसाठी. हळदीकुंकवाला आलेली बाई जशी रिकाम्या हाताने परत जात नाही, तशी काही समारंभांची आखणी असते.

पैशाचा व्यवहार येतो तो बहुधा निकालानंतर. बोधचिन्ह जाहिरातीत वापरण्याचा परवाना, ट्रॉफीच्या जादा प्रती, समारंभातले टेबल, विशेषांकातली पानभर जाहिरात, या सगळ्यांचे दर असतात. एवढ्यावरून पुरस्कार खोटा ठरत नाही. मात्र विजेते जितके जास्त तितकी आयोजकाची कमाई जास्त, हे गणित लक्षात ठेवलेले बरे.

या व्यवहाराचे टोक अमेरिकेतले वित्तीय नियोजक आणि स्तंभलेखक ॲलन रॉथ यांनी दाखवून दिले. एका संस्थेकडून ‘अमेरिकेतील आघाडीचे वित्तीय नियोजक’ असा सन्मान पैसे भरून मिळत होता. रॉथ यांनी स्वतःच्या ऐवजी आपल्या कुत्र्याचे नाव पुढे केले. मॅक्स टेलवॅगर, म्हणजे शेपूट हलवणारा मॅक्स, एवढे उघड नाव असूनही कोणाला शंका आली नाही. दोनशे डॉलरपेक्षा कमी रक्कम भरल्यावर मॅक्सच्या नावाचा फलक तयार होऊन आला. रॉथ यांनी ही हकीकत आपल्या स्तंभात लिहिली आणि ती अमेरिकी सल्लागारांच्या वर्तुळात अजून सांगितली जाते.

हा झाला विकत मिळणारा मान. पण नावाजलेल्या याद्याही सल्लागाराने कळवलेल्या आकड्यांवर बऱ्याच अंशी विसंबून असतात. मेरीलँडमधल्या डॉन बेनेट या सल्लागारांनी ‘बॅरन्स’ला आणि आपल्या रेडिओ कार्यक्रमाच्या श्रोत्यांना एयूएमचा आकडा प्रचंड फुगवून सांगितला, असा आरोप अमेरिकेच्या एसईसी या बाजार-नियामकाने २०१५मध्ये ठेवला. पुढे गुंतवणूकदारांच्या फसवणुकीच्या वेगळ्या खटल्यात बेनेट दोषी ठरल्या आणि २०१९मध्ये त्यांना २० वर्षांची शिक्षा झाली.

नियामकांनी अशा प्रशस्तीवर बंदी घातलेली नाही, तिच्याभोवती अटी मात्र लावल्या आहेत. एसईसीचा मार्केटिंग रूल डिसेंबर २०२०मध्ये मंजूर झाला आणि ४ नोव्हेंबर २०२२पासून त्याचे पालन सक्तीचे झाले. जाहिरातीत त्रयस्थाचे मानांकन वापरायचे तर ते कोणी दिले, कोणत्या तारखेला दिले, कोणत्या काळाच्या माहितीवर दिले आणि त्यासाठी पैसे मोजले का, हे ठळकपणे सांगावे लागते. शिवाय ज्या प्रश्नावलीवर मानांकन बेतले आहे तिच्यात प्रतिकूल उत्तर देणेही अनुकूल उत्तराइतकेच सोपे होते, असे मानायला कंपनीकडे सबळ कारण हवे. सप्टेंबर २०२४मध्ये एसईसीने नऊ सल्लागार कंपन्यांवर या नियमाच्या भंगाबद्दल एकूण १२ लाख ४० हजार डॉलरचा दंड बसवला. त्यांतल्या काहींचा दोष एवढाच होता की बोधचिन्हाशेजारी तारीख नव्हती. हा दोष वाटतो तितका किरकोळ नाही. पाच वर्षांपूर्वीचा मान आजचा म्हणून खपवता येतो तो तारीख गाळूनच.

भारतात गुंतवणूक सल्लागारांसाठी सेबी या बाजार-नियामकाचे विनियम २०१३पासून आहेत. एप्रिल २०२३मध्ये सेबीने सल्लागार आणि रिसर्च ॲनालिस्ट यांच्या जाहिरातींसाठी संहिता आणली. ‘सर्वोत्तम’, ‘नंबर वन’, ‘आघाडीचे’ असले शब्द तिने वर्ज्य केले. ग्राहकांचे कौतुकाचे अभिप्राय छापणेही चालत नाही. स्वतंत्र संस्थेकडून मिळालेल्या पुरस्काराची वस्तुस्थिती तेवढी देता येते. त्यामुळे पुरस्काराचे महत्त्व उलट वाढले, कारण स्वतःला चांगले म्हणवून घेण्याची तेवढीच वाट उरली. आणखी एक गुंता भारतातलाच आहे. ग्राहकाकडून फी घेणारा नोंदणीकृत सल्लागार वेगळा आणि फंड कंपन्यांकडून कमिशन घेणारा वितरक वेगळा. २०२०पासून वितरकाला नोंदणीशिवाय ‘वेल्थ ॲडव्हायझर’ असे नाव लावायला मनाई आहे. काचेच्या ट्रॉफीवरून मात्र घेणारा कोणत्या गटातला, हे ओळखू येत नाही.

दुसरा प्रकार काम करण्याच्या जागेबद्दलच्या मानांकनाचा. त्याचा इतिहास १९८४पासून सांगता येतो. त्या वर्षी रॉबर्ट लेव्हरिंग आणि मिल्टन मॉस्कोविट्झ या पत्रकारांचे अमेरिकेतल्या नोकरीसाठी उत्तम अशा शंभर कंपन्यांवरचे पुस्तक आले. त्यातून ग्रेट प्लेस टू वर्क ही संस्था उभी राहिली आणि १९९८पासून ‘फॉर्च्युन’मध्ये तिच्या सर्वेक्षणावर आधारलेली वार्षिक यादी येऊ लागली. भारतात ही संस्था मुंबईतून काम करते, आणि तिचे प्रमाणपत्र इथल्या वित्तीय कंपन्यांत आता सर्रास दिसते. कर्मचाऱ्यांना नाव न घेता प्रश्न विचारले जातात: वरिष्ठांच्या शब्दावर भरवसा ठेवता येतो का, वागणूक न्याय्य आहे का, कामाचा अभिमान वाटतो का, सहकाऱ्यांशी जमते का. ठरावीक गुणांची पायरी ओलांडणाऱ्या प्रत्येक कंपनीला वर्षभरापुरते प्रमाणपत्र मिळते. यादीतला क्रमांक ही त्यापुढची, वेगळी गोष्ट. फक्त गुंतवणूक-व्यवस्थापन कंपन्यांसाठी ‘पेन्शन्स अँड इन्व्हेस्टमेंट्स’ हे अमेरिकी नियतकालिक २०१२पासून अशी यादी काढते. तिचे सर्वेक्षण बेस्ट कंपनीज ग्रुप ही संस्था करते, आणि तिच्या पद्धतीत कंपनीने दिलेल्या माहितीपेक्षा कर्मचाऱ्यांच्या उत्तरांना जास्त वजन असते.

कर्मचारी खूश असण्याशी ग्राहकाचा काय संबंध, असे वाटू शकते. इतर धंद्यांपेक्षा या धंद्यात तो जवळचा आहे. ग्राहकाचे नाते कंपनीच्या नावापेक्षा तिच्या रिलेशनशिप मॅनेजरशी, म्हणजे आरएमशी असते. घरात कोणाचे कोणाशी पटत नाही, कोणत्या मुलाला धंद्यात रस नाही, हे त्यालाच माहीत असते. तो दुसऱ्या कंपनीत गेला की आपले ‘बुक’, म्हणजे सांभाळलेले ग्राहक, सोबत नेण्याचा प्रयत्न करतो. मागे राहिलेल्या ग्राहकाला नवा आरएम पहिल्यापासून सगळे विचारतो आणि पोर्टफोलिओत बदलही सुचवतो. या पळवापळवीतून अमेरिकेत इतके खटले उभे राहिले की २००४मध्ये मेरिल लिंच, स्मिथ बार्नी आणि यूबीएस या कंपन्यांनी आपसांत करार केला. सोडून जाणाऱ्या ब्रोकरला ग्राहकाचे नाव, पत्ता, फोन, ईमेल आणि खात्याचे नाव एवढी माहिती नेता येईल, त्यापलीकडे काही नाही, असे त्यात ठरले. पुढे शेकडो कंपन्या या करारात आल्या. माणसे टिकवणारी कंपनी ग्राहकाच्या दृष्टीने म्हणूनच मोलाची, आणि ती हुडकायला कर्मचाऱ्यांचे सर्वेक्षण एयूएमच्या आकड्यापेक्षा अधिक उपयोगी पडते.

पण त्यालाही मर्यादा आहे, आणि ती एडवर्ड जोन्स या कंपनीच्या उदाहरणाइतकी स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. १९२२मध्ये स्थापन झालेली, सेंट लुईसची ही कंपनी छोट्या गावांत एका सल्लागाराच्या शाखा उघडण्यासाठी ओळखली जाते. २००२ आणि २००३ अशी सलग दोन वर्षे ती ‘फॉर्च्युन’च्या यादीत पहिली होती. डिसेंबर २००४मध्ये याच कंपनीने एसईसी आणि इतर नियामकांशी तडजोड करून साडेसात कोटी डॉलर भरले. ज्या सात म्युच्युअल फंड समूहांची ती ग्राहकांकडे प्राधान्याने शिफारस करत होती, त्यांच्याकडून तिला महसुलाचा वाटा मिळत होता आणि ग्राहकांना हे पुरेसे सांगितलेले नव्हते. कर्मचाऱ्यांनी सर्वेक्षणात दिलेली उत्तरे खोटी होती असे यातून निघत नाही. त्यांना जे विचारले होते त्यात ग्राहकाला काय सांगितले जाते हा प्रश्नच बसत नव्हता.

तिसऱ्या प्रकारचे सन्मान थेट विक्रीशी बांधलेले असतात. महाराष्ट्रातल्या घराघरांत माहीत असलेले उदाहरण विमा एजंटाच्या व्हिजिटिंग कार्डावरचे ‘एमडीआरटी’. मिलियन डॉलर राउंड टेबल ही संस्था १९२७मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात ३२ विमा एजंटांनी सुरू केली. वर्षभरात ठरावीक कमिशन, प्रीमियम किंवा उत्पन्न गाठणाऱ्याला तिचे सभासदत्व मिळते. तिप्पट गाठणारा ‘कोर्ट ऑफ द टेबल’मध्ये जातो, सहापट गाठणारा ‘टॉप ऑफ द टेबल’मध्ये. एलआयसीच्या ब्रँच मॅनेजर्स क्लबपासून चेअरमन्स क्लबपर्यंतच्या पायऱ्याही मुख्यतः धंद्याच्या आकड्यांवर चढायच्या असतात. वेल्थ कंपन्यांच्या वार्षिक समारंभातले ‘टॉप परफॉर्मर’ आणि त्यांच्या परदेश सहली याच परंपरेतल्या. मेहनती माणसाचे कौतुक व्हावे यात गैर काही नाही. धोका सुरू होतो तो एखादी विशिष्ट योजना ३१ मार्चच्या आत इतकी खपवली तर बँकॉक, अशी अट आली की.

अशा स्पर्धांना दोन्ही देशांत आता आळा आहे. अमेरिकेत ३० जून २०२०पासून लागू झालेल्या नियमाने, ठरावीक मुदतीत विशिष्ट रोखे विकण्यावर बेतलेल्या स्पर्धा, कोटे, बोनस आणि वस्तुरूप बक्षिसे ब्रोकर कंपन्यांना बंद करावी लागली. भारतात २२ ऑक्टोबर २०१८च्या परिपत्रकाने सेबीने म्युच्युअल फंडांना वितरकांसाठी फक्त ट्रेल कमिशनची पद्धत ठरवून दिली, म्हणजे गुंतवणूक टिकेल तोवर थोडे थोडे. आगाऊ कमिशन रोख, वस्तुरूपात किंवा स्पॉन्सरशिपच्या वाटेनेही देता येत नाही. विमा आणि इतर योजना या परिपत्रकाच्या कक्षेत येत नाहीत, आणि बहुतेक वेल्थ कंपन्या एकाच ग्राहकाला हे सगळेच विकतात.

ग्राहकाला पडताळणीसाठी जी साधने आहेत त्यांना सोहळा नसतो. सेबीच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत सल्लागारांची यादी क्रमांकासह मिळते. अमेरिकेत ब्रोकरचा शिस्तभंगाचा इतिहास ब्रोकरचेक या मोफत सेवेत पाहता येतो. आणि डिसेंबर २०२१च्या परिपत्रकानुसार भारतातल्या प्रत्येक नोंदणीकृत सल्लागाराला आपल्याकडे आलेल्या, सोडवलेल्या आणि प्रलंबित तक्रारींचा तक्ता दर महिन्याच्या सात तारखेपर्यंत आपल्या वेबसाइटवर लावावा लागतो.