थोडक्यात संसार करणारा संगणक

तुमच्या घरी किंवा शाळेच्या कपाटात एखादा जुना, लहानसा लॅपटॉप धूळ खात पडला आहे काय? फार हळू चालतो म्हणून तो निकामी ठरला असेल, तर भंगारात देण्यापूर्वी ही हकीकत वाचा.

२००७ साली अमेरिकेतील ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या संस्थेने मुलांसाठी एक्सओ-१ नावाचा हिरवा-पांढरा लॅपटॉप तयार केला. त्याच वर्षी तो आपल्या रायगड जिल्ह्यातील खैराट या खेड्यातल्या शाळेतही आला. त्याच्या प्रक्रियकाची गती होती ४३३ मेगाहर्ट्‌झ, कामाची स्मृती २५६ मेगाबाइट आणि साठवणीची जागा अवघी १ गिगाबाइट. त्या वर्षी बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाला मात्र निदान ५१२ मेगाबाइट स्मृती लागे! मग हा चालला कसा?

याचे उत्तर स्वयंपाकघरात सापडेल. कामाची स्मृती म्हणजे ओटा आणि साठवणीची जागा म्हणजे कोठीची खोली. ओट्यावर मावेनासे झाले की एक भांडे कोठीत ठेवून दुसरे आणावे लागते. साऱ्या वेळेची खोटी होते ती या येरझारांत. संगणक मंदावतो तो बहुधा असाच. उपाय दोन : ओटा मोठा करा, नाहीतर नको ती भांडी मुळातच मांडू नका.

एक्सओ-१ ने दुसरा उपाय निवडला. त्याची कार्यप्रणाली होती लिनक्स. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्‌स या विद्यार्थ्याने १९९१ साली ती लिहावयास घेतली, तेव्हा त्याच्या संगणकाची स्मृती होती फक्त ४ मेगाबाइट! लिनक्सचा मूळ मजकूर सर्वांसाठी खुला आहे. त्यामुळे जाणकारांना त्यातील अनावश्यक भाग काढून ती लहान यंत्राच्या मापाची करता आली.

विजेचीही अशीच काटकसर. तुम्ही पडद्यावरचा धडा वाचत असता, तेव्हा प्रक्रियकाला काहीच काम नसते. अशा वेळी एक्सओ-१ चा प्रक्रियक झोपी जाई आणि पडद्याचा वेगळा नियंत्रक चित्र तसेच धरून ठेवी. कळ दाबली की प्रक्रियक पुन्हा जागा! गरज इतकी थोडी, की हा लॅपटॉप लहान सौरपट्टीवरही भारित करता येई.

आज हे पुन्हा महत्त्वाचे झाले आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभाल संपली आणि विंडोज ११ तर अनेक जुन्या यंत्रांवर बसतच नाही. यंत्र धडधाकट असूनही ते टाकून द्यायचे काय?

अर्थात लिनक्स म्हणजे जादू नव्हे. आजची संकेतस्थळे स्वतःच जड झाली आहेत. ती उघडताना ओटा भरतोच. पण निबंध लिहिणे, गणिते मांडणे, प्रोग्रॅम लिहिण्यास शिकणे एवढे काम असा लॅपटॉप आनंदाने करील.

करून पाहा : शिक्षकांच्या मदतीने एखादे हलके लिनक्स रिकाम्या पेन ड्राइव्हवर उतरवा आणि जुना लॅपटॉप त्यावरून सुरू करा. लॅपटॉपमधील मजकुराला हात न लावता तो चालवून पाहता येतो. सुरू होताच किती स्मृती व्यापली आहे ते वहीत नोंदवा. मग एकेक प्रोग्रॅम उघडा आणि आकडा कसा चढतो ते पाहा. ओट्यावर सर्वांत जास्त जागा कोण अडवते, हे तुमचे तुम्हालाच कळेल.