मिक्सरचा एक चॅनल बंद पडला? बोर्ड बदलण्याआधी शेजारचा चालू चॅनल तपासा

सप्ताह दोन दिवसांवर आलेला असतो. मंडपात ‘हॅलो, माइक टेस्टिंग’ सुरू होतं आणि तीन नंबरला लावलेला पखवाजाचा माइक काही केल्या बोलत नाही. वायर बदलली, माइक बदलला, तरी तेच. तोच माइक चार नंबरच्या सॉकेटला लावला की खणखणीत वाजतो. मिक्सर तालुक्याला नेला की पाच मिनिटांत उत्तर मिळतं, ‘आत सगळं एसएमडी आहे, सर्किट मिळत नाही, बोर्डच बदलावा लागेल.’ बोर्ड सुटा मिळत नाही. म्हणजे नवा मिक्सर आणि भजनी मंडळाची पुन्हा वर्गणी.

या उत्तरातलं अर्धं खरं आहे. कित्येक जुन्या रेडिओंच्या मागच्या झाकणावर आतून सर्किटचा कागद चिकटवलेला असायचा, आता तसा नकाशा क्वचितच मिळतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, पण बाजारातल्या बिननावाच्या मिक्सरला त्याचा काय उपयोग? एसएमडी हेही खरं. पाय भोकात घालून खालून सोल्डर केलेले जुने पार्ट जाऊन आता बोर्डाच्या पृष्ठभागावरच चिकटवलेले बारीक पार्ट आले आहेत. ०८०५ मापाचा रजिस्टन्स २ मिलिमीटर लांब आणि सव्वा मिलिमीटर रुंद, म्हणजे तांदळाच्या कणीएवढा. पण म्हणून बोर्ड गेला असं होत नाही. गेलेला असतो बहुतेक वेळा एखादा पार्ट, नाहीतर सॉकेटजवळचा तडकलेला टाका.

आणि नकाशा नसला तरी नमुना हाताशी असतो. सहा चॅनलच्या मिक्सरमध्ये माइकचे चॅनल सहसा एकाच साच्यातले असतात. तीन नंबर बंद आणि चार नंबर चालू असेल, तर चार नंबर हेच तीन नंबरचं सर्किट. दोन्हींत फरक कुठे पडतो तेवढं शोधायचं. स्टिरिओ अँप्लिफायरमध्ये डावा-उजवा यांचंही तसंच.

झाकण उघडण्याआधी एक गोष्ट पक्की करावी. मिक्सरला बाहेरून अडॅप्टर असेल तर काम सोपं. आतच २३० व्होल्टची एसएमपीएस सप्लाय असेल, तर तिच्या मोठ्या कंडेन्सरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतो. तो भाग जाणकारानेच हाताळावा. पुढची तपासणीही सोल्डरिंग आणि मल्टिमीटर वापरता येणाऱ्यासाठी आहे. बाकीच्यांना दुकानात काय विचारायचं, एवढं तरी यातून कळेल.

सुरुवात डोळ्यांनी करायची. मोबाइलचा कॅमेरा झूम केला की उत्तम भिंग होतं, आणि आधी फोटो काढून ठेवला की कोणती पट्टी कुठे होती याचा वाद राहत नाही. माइकची वायर ओढली जाते तो ताण सॉकेटवर येतो, म्हणून सॉकेटच्या पायांभोवती बारीक गोल भेग आहे का ते बघावं. शेजारचे सिरॅमिक कंडेन्सरही बोर्ड वाकला की तडकतात. पावसाळाभर देवळाच्या खोलीत पडून असलेल्या मिक्सरमध्ये हिरवट बुरशीसारखा गंज आणि झुरळांची घाण सापडते. ती आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने साफ करून पूर्ण वाळू द्यावी. अनेकदा रोग इथेच संपतो.

नाही संपला तर सप्लाय बघायची. मिक्सरमध्ये आठ पायांच्या आयसी रांगेने बसवलेल्या दिसतात. त्यांच्यावर ४५५८, ०७२, ४५८० किंवा ५५३२ असे आकडे असतील तर अर्धं काम झालं, कारण या सगळ्यांच्या पायांची मांडणी एकच आहे. ठिपक्याजवळचा पाय एक, तिथून घड्याळाच्या उलट दिशेने मोजायचं. मीटरचा काळा प्रोब बोर्डाच्या ग्राउंडला. आठव्या पायावर प्लस, चौथ्यावर मायनस, समजा १५ आणि उणे १५ व्होल्ट. एक आणि सात हे आउटपुट, तिथे शून्याच्या आसपास दिसायला हवं. चालू चॅनलला शून्य आणि बंद चॅनलला १३-१४ व्होल्ट येत असेल तर ती आयसी किंवा तिच्या लगतचा पार्ट संशयित. मात्र बॅटरीवर किंवा एकाच १२ व्होल्टवर चालणाऱ्या स्पीकरमध्ये चौथा पाय ग्राउंडला असतो आणि आउटपुटवर साधारण निम्मे, म्हणजे ६ व्होल्ट असतात. तो दोष नव्हे.

या आयसीच्या दोन पायांत फक्त १.२७ मिलिमीटरचं अंतर असतं. प्रोब घसरला तर चांगली आयसी जाते. त्यासाठी प्रोबच्या टोकाला शिवणाची सुई घट्ट बांधावी.

गाणं कुठे हरवतं?

यापुढची पद्धत सगळ्यात सोपी, आणि का कोण जाणे, फारच कमी जण वापरतात. मोबाइलवर गाणं लावून ते बंद चॅनलच्या लाइन इनपुटला द्यायचं. फँटम पॉवर बंद. दुसरा एखादा छोटा चालू अँप्लिफायर घ्यायचा, त्याच्या इनपुट वायरच्या टोकाला ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर जोडायचा, वायरची जाळी मिक्सरच्या ग्राउंडला. कंडेन्सरमुळे डीसी अडतो, गाणं तेवढं पुढे जातं. आवाज अगदी कमी ठेवून कंडेन्सरचं मोकळं टोक पहिल्या आयसीच्या आउटपुटला टेकवायचं, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. जिथपर्यंत गाणं ऐकू येतं तिथपर्यंत सगळं ठीक. जिथे हरवतं, त्या दोन ठिकाणांच्या मध्ये चोर आहे. आता हजारभर पार्टांऐवजी आठ-दहाच उरतात.

मग प्लग काढून, थोडा वेळ थांबून मीटर डायोडवर घ्यायचा. लाल प्रोब ग्राउंडला, काळा प्रोब त्या आठ-दहा ठिकाणी, आधी चालू चॅनलला आणि मग बंद चॅनलला. दोन्ही चॅनलचे गेन आणि फेडर एकाच जागी हवेत, नाहीतर फुकटचा फरक दिसतो. आकडे वहीत लिहावेत. एकीकडे ०.५६ आणि दुसरीकडे ०.५५ असेल तर पुढे जा. एकीकडे ०.५६ आणि दुसरीकडे शून्य म्हणजे शॉर्ट, काहीच आकडा नाही म्हणजे तुटलेलं.

पार्टांवरचे आकडे वाचताना नवखा माणूस हमखास फसतो. रजिस्टन्सवर १०३ म्हणजे १० वर तीन शून्यं, १० हजार ओहम. ४७२ म्हणजे ४,७००. पण १०० म्हणजे शंभर नव्हे, १० ओहम. आयसीच्या सप्लायच्या वाटेवर असा १०० लिहिलेला रजिस्टन्स अनेकदा असतो आणि फ्यूजसारखा तोच जळतो. बोर्डावर बसलेला असताना रजिस्टन्स छापल्यापेक्षा कमी दाखवत असेल तर घाबरू नये, इतर वाटांनी करंट जातो. मात्र कंडेन्सर रिकामे असताना छापल्यापेक्षा जास्त दाखवला, तर तो गेलाच.

बदामी रंगाच्या सिरॅमिक कंडेन्सरवर काहीच लिहिलेलं नसतं. त्याची किंमत कळायला चालू चॅनलमधला त्याच जागेवरचा कंडेन्सर काढून मोजावा लागतो. तीन पायांच्या काळ्या पार्टावर जे३वाय असं असेल तर तो बहुतेक एस८०५० ट्रान्झिस्टर असतो, पण एकच कोड वेगवेगळे कारखाने वेगळ्या पार्टला देतात आणि दोन डायोडही याच खोक्यात येतात. म्हणून कोडावर विसंबू नये, शेजारच्या चॅनलशी ताडून बघावं. गोल ॲल्युमिनियमच्या कंडेन्सरवरची काळी खूण म्हणजे मायनस, तर पिवळ्या चौकोनी टँटॅलमवरची पट्टी म्हणजे प्लस. इथे उलट बसवला की टँटॅलम पेट घेतो.

पार्ट काढताना उचकटायचा नाही. फ्लक्स लावून दोन सोल्डरिंगने दोन्ही टोकं एकदम तापवली की तो आपोआप सरकतो. शिशाविना सोल्डर सुमारे २१७ अंशांना वितळतं, जुनं शिशाचं १८३ ला. त्यामुळे आधी थोडं जुनं सोल्डर मिसळलं की काम हलकं होतं. घाई केली तर पार्टासोबत खालचा तांब्याचा तुकडा उचलला जातो, आणि मग खरंच बोर्ड गेला म्हणावं लागतं.

सगळेच चॅनल एकदम बंद असतील तर तुलना कामाची नाही, दोष सामाईक भागात असतो. गावात न्यूट्रल सुटून २३० च्या जागी ४०० व्होल्टच्या आसपास आले असतील तर आधी सप्लायच बघावी. प्लस किंवा मायनसची लाइन ग्राउंडला शॉर्ट असेल, तर त्या लाइनवरचे सगळेच कंडेन्सर शॉर्ट दाखवतात आणि लोक एकेक उपटत बसतात. त्यापेक्षा प्लग काढून, करंट मर्यादित करता येणाऱ्या सप्लायने त्या लाइनला १ व्होल्ट द्यावा आणि वरून आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पातळ थर लावावा. शॉर्ट झालेला पार्ट तापतो आणि त्याच्यावरचं अल्कोहोल आधी उडतं. ते पेट घेतं, म्हणून जवळ गरम सोल्डरिंग नको.

ब्लूटूथची किंवा इफेक्टची प्रोग्रॅम भरलेली चिप गेली असेल, किंवा बोर्डाला जळून भोक पडलं असेल, तर मात्र दुकानदाराचं म्हणणं मान्य करावं.

दुरुस्ती झाल्यावर लगेच झाकण लावू नये. तासभर गाणं चालू ठेवून सॉकेटमधली पिन चारी बाजूंनी हलवून बघावी. करकर ऐकू आली तर सॉकेटच्या पायांचे टाके पुन्हा घ्यावेत.