घर बदलताय? रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी एवढे करा

मुंबईत वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळींचा पुनर्विकास म्हाडामार्फत सुरू आहे. तिन्ही ठिकाणच्या मिळून १९५ चाळी आहेत आणि त्यांत आपल्या बौद्ध कुटुंबांची वस्ती मोठी आहे. वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. बाकीच्यांपैकी अनेक जण संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या घरात दिवस काढत आहेत, तर काही जण खोली रिकामी करण्याच्या तयारीत आहेत.

१६० चौरस फुटांच्या खोलीत तीन-तीन पिढ्यांचा संसार साठलेला असतो. तो आधी तात्पुरत्या घरात आणि मग नव्या घरात, असा दोनदा हलवायचा. म्हणून सामान कमी करणे भागच आहे. पण वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला दिसते ते असे की, घाईत फुटकी बादली सोबत जाते आणि आजोबांची पत्र्याची पेटी भंगारात जाते. म्हणून आमचे सांगणे एकच : सुरुवात कागदांपासून करा. भांडी पुन्हा घेता येतात, हे कागद पुन्हा मिळणे फार कठीण.

हक्काचे कागद

आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, गावच्या जन्म-मृत्यू नोंदीचा उतारा, जमिनीचे जुने कागद यांवर पूर्वीच्या जातीचा उल्लेख असतो. धम्मदीक्षेनंतर तो शब्द घरात नको वाटणे स्वाभाविक आहे आणि काही घरांतून असे कागद त्याच भावनेने टाकले जातात. मात्र जातीच्या दाखल्यासाठी आणि पुढे जात पडताळणीसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. केंद्राने १९९० मध्ये बौद्धांना अनुसूचित जातींच्या आदेशात स्थान दिले, तरी मूळ जात सिद्ध करावीच लागते. नातवाचा इंजिनिअरिंगचा प्रवेश किंवा नातीची नोकरी त्या एका पिवळ्या पडलेल्या कागदावर अडू शकते. तो शब्द भिंतीवर लावायचा नाही, पण फाइलमध्ये ठेवायचाच.

घरात कोणी गिरणीत होते का? मग ओळखपत्र, तिकीट नंबर, पगाराची चिठ्ठी, ईएसआय किंवा भविष्य निर्वाह निधीचा कागद शोधा. गिरणी कामगारांच्या घरांच्या योजनेत १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामावर असल्याचा पुरावा लागतो. खोलीची भाडेपावती, जुने रेशनकार्ड आणि वीजबिले नव्या घराचा ताबा मिळून सर्व नोंदी पूर्ण होईपर्यंत फेकू नका.

चळवळीचे कागद

दुसरा गठ्ठा भीमजयंतीची पत्रके, वर्षावासाच्या कार्यक्रमपत्रिका, मंडळाचे जमाखर्च, गायन पार्टीच्या गाण्यांच्या वह्या, ‘प्रबुद्ध भारत’चे जुने अंक आणि फोटो यांचा. यांना सरकारी किंमत नाही, म्हणून ते सर्वांत आधी रद्दीत जातात. पण आपल्या वस्तीचा इतिहास दुसऱ्या कोणी लिहून ठेवलेला नाही. तो याच गठ्ठ्यात आहे.

घर रिकामे होताना काय घडू शकते याचे सर्वांत वेदनादायी उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. दिल्लीत २६, अलीपूर रोड येथे बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. १९६७ साली तेथील खोल्या रिकाम्या केल्या गेल्या तेव्हा त्यांचे कागद उघड्यावर पडले आणि पावसात भिजले. जे वाचले त्यांतले अप्रकाशित लेखन पुढे महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेतून जगासमोर आले. जे गेले ते कायमचे गेले.

म्हणून फोटो टाकण्याआधी आजीला जवळ बसवा. फोटोत कोण आहे, कुठला प्रसंग आहे हे विचारून मागे पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. मोबाइलवर प्रत्येक कागदाचा फोटो काढून घरातल्या दोघांकडे ठेवा. मूळ कागदाला लॅमिनेशन करू नका. कागद खराब झाल्यास ते काढता येत नाही. घरात ठेवणे जमत नसेल तर विहाराच्या ग्रंथालयाला विचारा, मात्र दिल्याची नोंद लेखी घ्या.

बाकीचे सामान

कागद बाजूला झाले की उरलेले काम सोपे आहे. माळ्यावरचे जे वर्षभरात खाली उतरले नाही, त्याचा विचार आधी करा. पिंपे आणि हंडे पाण्याच्या वेळा सांभाळण्यासाठी घेतलेले असतात. तात्पुरत्या घरात पाणी कसे येते ते पाहून त्यातले एखादेच ठेवा. लोखंडी कपाट आणि पलंग टेम्पोत चढवण्याआधी नव्या दाराचे आणि जिन्याचे माप घ्या. बंद मोबाइल आणि टीव्ही ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रात द्या.

कपड्यांसाठी विनयपिटकातली आनंदांची गोष्ट आठवावी. कौशांबीच्या उदयन राजाने त्यांना विचारले, दानात मिळालेल्या पाचशे चीवरांचे काय करणार? आनंद म्हणाले, ज्यांची जीर्ण झाली त्या भिक्खूंना देऊ. मग जुन्यांचे काय? त्यांचे पलंगपोस, पुढे पायपुसणी, शेवटी चिंध्या मातीत कालवून जमीन सारवायला. आपल्या आया-आज्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवतात, तो हाच हिशोब. चांगले कपडे धुऊन, घडी घालूनच दुसऱ्याला द्या. फाटके कपडे देणे हे दान नव्हे.

निर्णय मात्र एकट्याने घेऊ नका. तरुण मुले ‘सगळे काढून टाका’ म्हणतात, म्हातारी माणसे ‘काहीच टाकू नका’ म्हणतात. दोघांना एका रविवारी समोरासमोर बसवा. आजीची पेटी तिच्यासमोरच उघडा, तिच्यामागे नको.

आणि सामान निघेल त्या दिवशी कागदांची पेटी टेम्पोत टाकू नका. ती घरातल्या कोणीतरी हातात धरून न्यावी.

जय भीम!