वसंतातील हिमस्खलन : हिमालयातील पदभ्रमण आणि वेळेचे महत्त्व

प्रस्तावना :
हिमस्खलनाचा धोका केवळ हिवाळ्यात असतो व मार्च सरला की हिमालयातील वाटा निर्धोक होतात, असा समज मैदानी प्रदेशात सर्वसाधारणपणे आढळतो. परीक्षा आटोपल्यावर एप्रिल-मे महिन्यांत महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयीन गट हिमालयात पदभ्रमणास जातात. त्या काळात चार हजार मीटरवरील खिंडी बहुधा हिमाच्छादित असतात. 4 एप्रिल 2023 रोजी सिक्कीममधील गंगटोक-नथुला मार्गावर दुपारच्या सुमारास झालेल्या हिमस्खलनात सात पर्यटक मृत्युमुखी पडले. वसंतातील हिमस्खलन हिवाळ्यातील स्खलनाहून भिन्न कसे असते व त्यात वेळेला महत्त्व का येते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

हिमथरातील बदल :
हिवाळ्यात प्रत्येक हिमवृष्टीगणिक एकावर एक थर साचत जातात. त्यांतील एखादा थर दुर्बळ असल्यास त्यावरील घट्ट थर अखंड पाटीसारखा निसटतो. अशी स्खलने मुख्यतः 30 ते 45 अंशांच्या उतारांवर होतात. वसंतात संपूर्ण हिमथराचे तापमान हळूहळू शून्य अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचते. त्यानंतर मिळणारी उष्णता हिम वितळविण्यात खर्च होते. वितळलेले पाणी कणांमधून खाली झिरपते आणि कणांना जोडणारे बंध सैल करते. हे पाणी कठीण बर्फावर वा खडकावर अडल्यास तेथे निसरडा पृष्ठभाग तयार होतो. ओल्या हिमाचा लोट कोरड्या हिमाच्या लोटापेक्षा संथ असला तरी अत्यंत जड असतो. तो थांबताच घट्ट बसतो व त्यात गाडल्या गेलेल्या व्यक्तीला हातपाय हलविणेही अशक्य होते.

रात्रीचे गोठणे, दिवसाचे वितळणे :
निरभ्र रात्री हिमपृष्ठ आपली उष्णता आकाशात उत्सर्जित करते. त्यामुळे हवेचे तापमान शून्याच्या किंचित वर असले तरी पृष्ठभाग गोठू शकतो व पहाटेपर्यंत माणसाचे वजन पेलणारे कवच तयार होते. ढगाळ रात्री ढगांमुळे ही उष्णता पृष्ठभागाकडे परत येते. कवच धरत नाही किंवा पातळ राहते आणि धोका सूर्योदयाबरोबरच सुरू होतो. तंबूत सुखावह वाटलेली उबदार रात्र म्हणूनच दुसऱ्या दिवसाच्या दृष्टीने चिंतेची ठरते.

दिवसा सर्व उतार एकाच वेळी मऊ होत नाहीत. प्रथम पूर्वाभिमुख, नंतर दक्षिणाभिमुख, दुपारनंतर पश्चिमाभिमुख असा क्रम असतो. उत्तराभिमुख उतार हंगामात बऱ्याच उशिरा ओले होतात. पायाखालची वाट सपाट असली तरी वरचा उतार कोणत्या दिशेचा आहे, हे पाहणे आवश्यक ठरते. पाय खोलवर रुतू लागणे आणि उतारावरून हिमाचे गोळे आपोआप घरंगळणे ही त्या उतारापासून दूर होण्याची चिन्हे होत. पहाटे निघून ऊन तापण्यापूर्वी खिंड ओलांडण्याच्या रीतीमागे हेच शास्त्र आहे.

या नियमाची मर्यादा :
वसंतातही मोठी हिमवृष्टी होते. 23 एप्रिल 2021 रोजी उत्तराखंडातील सुमना परिसरात सलग काही दिवसांच्या हिमवृष्टीनंतर सीमा रस्ते संघटनेच्या मजूर छावणीवर हिमस्खलन कोसळले. त्यात दहाहून अधिक जणांचा बळी गेला. ताज्या हिमाच्या भाराने होणारे स्खलन दिवसाची वेळ पाळत नाही. अशा वेळी लवकर निघणे पुरेसे नसते. थर स्थिरावेपर्यंत थांबणे हाच उपाय उरतो.

बचावकार्यावर विसंबणेही योग्य नाही. स्वित्झर्लंडमधील नोंदींवर आधारित 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार हिमाखाली पूर्णपणे गाडल्या गेलेल्यांची जगण्याची शक्यता पहिल्या 10 मिनिटांत सुमारे 90 टक्के असते. 30 मिनिटांनंतर ती सुमारे 31 टक्क्यांवर येते. दुर्गम भागात एवढ्या वेळात बाहेरची मदत पोहोचणे जवळजवळ अशक्य असते.

समारोप :
वसंतातील पर्वतीय वाटेची सुरक्षितता उताराइतकीच आदल्या रात्रीच्या आकाशावर आणि चालण्याच्या वेळेवर अवलंबून असते. विद्यार्थ्यांच्या गटाचे वेळापत्रक मात्र पुष्कळदा परतीच्या रेल्वे आरक्षणावर बेतलेले असते. कार्यक्रमात एक-दोन दिवस राखीव ठेवले, तरच ‘आज खिंड ओलांडू नये’ हा स्थानिक वाटाड्याचा सल्ला मानणे गटप्रमुख प्राध्यापकांना शक्य होईल.