मागचा रिपोर्ट आणलाय का?

केमोच्या पेशंटला इको रूममध्ये हा प्रश्न आधी विचारतात. दम लागतो का, पायाला सूज येते का, हे नंतर. कारण आजचा आकडा एकटा फारसं काही सांगत नाही. पहिल्या केमोआधीचा आकडा शेजारी ठेवला, तरच त्याला अर्थ येतो.

मुंबईतल्या एका हॉस्पिटलात डॉक्टर मॅडमच्या स्टुलामागे उभी राहून मी हे काम पाहिलं. टेबलावर पन्नाशीतल्या एक बाई होत्या. स्तनाचा कॅन्सर, डावीकडचं ऑपरेशन झालेलं. "काकू, डाव्या कुशीवर वळा, हात डोक्याखाली घ्या." नेमका तोच हात वर जायला वेळ लागतो. पण या कुशीवर हृदय बरगड्यांच्या जवळ येतं आणि चित्र स्पष्ट मिळतं. व्रणाजवळ प्रोब दाबला तर दुखतं, नाही दाबला तर चित्र फिकं. मॅडम दोन्हींच्या मधला दाब शोधत राहतात.

काकूंच्या चार लाल केमो झाल्या होत्या. लाल म्हणजे डॉक्सोरुबिसिन. ते घेतल्यावर लघवीही लालसर होते. ट्यूमर मारणारं हे औषध हृदयाच्या स्नायूंनाही इजा करतं, आणि ती इजा डोसागणिक साठत जाते. 1979 मध्ये फॉन हॉफ यांनी जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा दर चौरस मीटरला एकूण 400 मिलिग्रॅमपर्यंत सुमारे 3 टक्के, 550 ला 7 टक्के आणि 700 ला 18 टक्के रुग्णांचं हृदय निकामी होत गेलेलं दिसलं. काकूंच्या चार केमोंचे 60 च्या हिशेबाने 240 होतात, म्हणजे या आकड्यांच्या बऱ्याच आत. पण काकूंना आता ट्रास्टुझुमॅब हे कॅन्सरचं दुसरं औषध चालू आहे. 2001 च्या चाचणीत ही दोन प्रकारची औषधं सोबत दिली, तेव्हा 27 टक्के स्त्रियांच्या हृदयावर परिणाम झाला. म्हणून ती आता सहसा एकापाठोपाठ देतात आणि दर तीन महिन्यांनी इको करतात.

मॅडमनी चित्र थांबवलं. डावा खालचा कप्पा पूर्ण भरलेला असताना त्याची आतली कड ट्रॅकबॉलने गिरवली, मग पूर्ण आवळलेला असताना. कोन बदलून पुन्हा तेच. भरलेल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर फेकलं गेलं, ते मशीनने सांगितलं: ईएफ 58. मागे 62 होता.

"उतरला?" मी विचारलं.

"कड कोणी गिरवली, यावरही तो आठ-दहाने हलतो."

आणि धोक्याची घंटा वाजते ती 10 ने उतरून 50 च्या खाली गेल्यावर! मोजण्यातली चूक आणि आजार जवळपास एकाच मापाचे. म्हणून मॅडमचा भर स्ट्रेनवर असतो: ठोक्यागणिक स्नायू लांबीत किती आखडतो, ते मशीन चित्रातल्या ठिपक्यांच्या हालचालीवरून मोजतं. निरोगी हृदयात तो उणे 20 च्या आसपास येतो. तो स्वतःच्या जुन्या आकड्याच्या 15 टक्क्यांहून जास्त घसरला, तर ईएफ ठीक दिसत असतानाही सावध व्हायचं. काकूंचा उणे 20.5 वरून उणे 19 वर आला होता. चालेल.

पण वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर स्ट्रेन वेगवेगळा येतो. त्यामुळे मॅडम रिपोर्टवर मशीनचं नावही लिहितात. बाहेरून आलेल्या कागदांवर बहुधा एकच ओळ असते, 'ईएफ 60 टक्के'. इतका गोल आकडा दिसला की तो नुसत्या नजरेने ठरवला असावा, असा मला तरी संशय येतो. केमोआधीच्या इकोची चित्रं पेशंटच्या हातात द्यायला काय हरकत आहे?

"पुढचं इंजेक्शन मिळेल ना?" काकूंनी जेल पुसत विचारलं. मिळणार होतं. तीन महिन्यांनी पुन्हा यायचं, चुकवायचं नाही, हे मॅडमनी दोनदा बजावलं. मिलानच्या डॅनिएला कार्डिनाले यांनी लाल केमोच्या गटातली औषधं घेतलेल्या 2,625 रुग्णांवर लक्ष ठेवलं होतं. हृदय कमजोर झालं ते 9 टक्क्यांचं, आणि त्यातल्या 98 टक्क्यांचं केमो संपल्यापासून वर्षाच्या आत. लगेच औषधं सुरू करूनही पूर्ण सावरले ते 11 टक्के; आणखी 71 टक्के अर्धेमुर्धे.