जुना कर्करोग आणि नवी सांधेदुखी



उसाच्या फडात जन्म गेलेल्या माणसाचे गुडघे साठीनंतर कुरकुरले तर त्यात नवल नाही. परंतु ज्यांना पूर्वी कर्करोग होऊन गेला आहे, त्यांचे नवे दुखणे "वय झालंय, चालायचंच" म्हणून सोडून देऊ नये, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. मग तो रोग दहा वर्षांपूर्वी बरा झालेला का असेना.

दुखले म्हणजे रोग परतलाच, असे समजून हातपाय गाळण्याचेही कारण नाही. पुष्कळदा साधा संधिवातच निघतो. कधी औषधच कारण असते. स्तनाच्या कर्करोगानंतर पाळी गेलेल्या स्त्रियांना लेट्रोझोल, अनास्ट्रोझोल अशा गोळ्या पाच-पाच वर्षे घ्याव्या लागतात. त्यांनी सकाळी बोटे आखडतात, दोन्ही मनगटे, दोन्ही गुडघे धरतात. तरी गोळी परस्पर बंद करू नये. डॉक्टरांना सांगितल्यास ती बदलून मिळू शकते.

गुडघ्याची झीज चालल्या-उठल्याने दुखते, विसाव्याने उतरते. हाडात उतरलेला रोग बहुधा पडून राहिले तरी ठणकतो, रात्री झोपू देत नाही आणि आठवड्यागणिक वाढतो. स्तन, प्रोस्टेट, फुफ्फुस, मूत्रपिंड व थायरॉइड यांचे कर्करोग हाडांत जास्त जातात. तेही कणा, कंबर, खुबा, मांडी येथे. खुब्याचे दुखणे गुडघ्यात जाणवते, ही त्यातली मोठी फसगत. गुडघ्याचा फोटो चांगला येतो आणि माणूस निर्धास्त होतो! शिवाय हाड बरेच पोखरल्याखेरीज साध्या एक्स-रेत दिसत नाही. म्हणून डॉक्टर बोन स्कॅन किंवा एम.आर.आय. सांगतील तर खर्चाकडे पाहून टाळू नये.

तोवर हाडवैद्याकडून चोळून वा झटका देऊन घेऊ नये. पोखरलेले हाड तेवढ्यानेही मोडते. पाठ दुखून पायांतली शक्ती गेली, लघवी अडली, किंवा सांधा सुजून ताप भरला, तर बाजाराचा दिवस न बघता त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठावा.

आपल्याकडे आणखी एक खोड आहे. सोयरिकीत अडचण नको म्हणून घरची मंडळी जुना रोग गावच्या डॉक्टरांपासूनही लपवितात. मग ते बिचारे वेदनाशामक गोळ्याच देत राहणार, आणि त्या फार दिवस घेतल्या की मूत्रपिंडाला बाधतात. तेव्हा शस्त्रक्रियेचे कागद, तपासणीचे अहवाल आणि चालू गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून सोबत न्यावीत, आणि पहिले वाक्य जुन्या आजाराचेच बोलावे.